मान धरणे

माझ्या टेबलाच्या खणात मानेच्या वरच्या दोन मणक्यांचे प्लास्टिकचे नमुने असतात. खऱ्या हाडांवरून साचे घेऊन केलेले, मापाला माप. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानदुखीचा रुग्ण समोर बसला, त्याचं सगळं सांगून झालं, की ते दोन्ही मणके मी त्याच्या तळहातावर ठेवते. वरचा म्हणजे नुसतं कडं. खालच्यातून करंगळीच्या पेराएवढी खुंटी वर आलेली. लोक कडं खुंटीभोवती बसवून बघतात, हलकेच फिरवतात, मग हात जरासा कलतो आणि कडं घरंगळून टेबलावर पडतं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "हे एकमेकांत अडकत नाही होय?"

नाही अडकत. आणि मानेबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते या घरंगळण्यापासूनच सुरू होतं असं मला वाटतं.

खुब्याचा सांधा बघा. खोल उखळीत गोळा रुतून बसलेला. तिथे हाडाचा आकारच बरंचसं काम करतो. मानेच्या वरच्या टोकाला असं काही नाही. कवटीच्या बुडाला दोन गुळगुळीत उंचवटे आहेत, ते पहिल्या मणक्यावरच्या दोन उथळ वाट्यांत टेकतात. या सांध्यात पुढे-मागे हालचाल होते, जेमतेम वीस-पंचवीस अंश, म्हणजे होकाराची मान. त्याखाली पहिला मणका दुसऱ्यावर टेकतो, तिथे समोरासमोरचे दोन्ही पृष्ठभाग फुगीर. गोल दगडावर गोल दगड ठेवावा तसे. डोकं डावी-उजवीकडे वळवताना निम्मं वळण या एका जोडीत होतं, प्रत्येक बाजूला साधारण चाळीस अंश. नकाराची मान ती इथली. जिथे हालचाल एवढी मोठी, तिथे हाडांनी एकमेकांना अजिबात जखडलेलं नाही.

पहिल्या मणक्याला अ‍ॅटलास म्हणतात, ग्रीक पुराणात आकाश पेलणाऱ्या वीरावरून. नाव भारदस्त, पण अंग पाहिलं तर हा मणक्यांतला सगळ्यात पोकळ मणका. बाकीच्या मणक्यांना पुढच्या बाजूला ठोकळ्यासारखं भरीव अंग असतं, याला ते नाहीच. ते गेलं कुठे? गर्भात असताना ते त्याचं त्याच्यापाशी राहत नाही, खालच्या मणक्याला जाऊन चिकटतं आणि तीच पुढे खुंटी होते. म्हणजे अ‍ॅटलास फिरतो तो स्वतःच्याच अंगाभोवती, जे त्याने शेजाऱ्याला देऊन टाकलंय. शिकत असताना पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी ते हाड हातातून खाली ठेवायला तयार नव्हते. अजूनही रुग्णाला सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, हे मला जाणवतं.

मग धरून कोण ठेवतं? इथे मी खणातून रबरबँड काढते. खुंटी कड्याच्या पुढच्या कमानीला आतून टेकवायची आणि तिच्या पाठीमागून रबर कड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ताणून बसवायचं. आता हात कलता केला तरी कडं पडत नाही, आणि फिरतं मात्र छान. शरीरात या जागी आडवा अस्थिबंध आहे. रबराशी तुलना इथेच थांबते, कारण तो ताणला जात नाही. जवळजवळ सगळा कोलॅजनच्या धाग्यांचा, दोरखंडासारखा. शिवाय खुंटीच्या टोकापासून कवटीकडे दोन आखूड, जाड बंध तिरपे जातात, पंखांसारखे. डोकं प्रमाणाबाहेर वळू लागलं की ते आवळतात.

आणि या सगळ्याच्या पाठीमागे, त्याच कड्यात, मज्जारज्जू. कड्याच्या पोटात तीन वाटे आहेत असं शल्यविशारद स्टील यांनी १९६८ साली मांडलं: एक वाटा खुंटीचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. तो मोकळा तिसरा वाटा म्हणजे निसर्गाने ठेवलेली ऐसपैस सवलत. खुंटी थोडी मागे सरकली तरी मज्जारज्जूला लगेच धक्का लागत नाही. सवलत संपली की मात्र पुढे काहीच उरत नाही.

हे सगळं मी लोकांना वर्षानुवर्षं शिकवत होते. आणि माझ्या घरात माझी आई मला सांगत होती, "अगं, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं."

आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, बावीस वर्षं. बोटं वाकडी झालेली, गुडघे गेलेले. तिच्या हातांना मुंग्या यायच्या, कवटीच्या बुडाशी दुखायचं. तेही ती सांगायची, पण ओघात, भाजी निवडता निवडता सांगावं तसं. मुंग्यांचं खापर मी मनगटावर फोडलं. हातात एवढा संधिवात, तर मनगटात नस दबत असणार, असं धरून चालले. ती वीज म्हणजे मज्जारज्जूची हाक आहे हे मला पाठ होतं. दुसऱ्या कुणाच्या आईने सांगितलं असतं तर मी त्याच मिनिटाला एक्स-रे काढायला लावला असता. आईचं ऐकताना मी मुलगी म्हणून ऐकत होते. पाच महिने गेले त्यात. ते पाच महिने मला अजून सलतात.

कळलं ते भलत्याच वाटेने. गुडघ्याच्या ऑपरेशनची तयारी चालली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "मानेचे फोटो काढलेत? मान वाकवून आणि सरळ करून, दोन्ही?" नव्हते काढले. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला डोकं मागे कलवावं लागतं, आणि बेशुद्ध माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात. संधिवाताच्या रुग्णाची मान आधी बघितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमाचे उपकार मी विसरणार नाही.

सरळ मानेच्या फोटोत विशेष काही दिसत नव्हतं. वाकवलेल्या मानेच्या फोटोत अ‍ॅटलास पुढे सरकलेला. कड्याची पुढची कमान आणि खुंटी यांच्यातलं अंतर मोठ्या माणसात तीन मिलिमीटरच्या आत असावं लागतं. आईचं आठ. सांध्याचं सुजलेलं आतलं अस्तर वर्षानुवर्षं आडव्या बंधाला कुरतडत होतं. रबरबँड सैल झालं होतं. सर्जननी पुढचं अंतर पाहिलं आणि मग मागचं मोजलं, खुंटीपासून कड्याच्या मागच्या कमानीपर्यंतचं. मज्जारज्जूला उरलेली जागा ती. चौदा मिलिमीटरच्या खाली गेली की काळजी. आईची तेरा होती.

त्या रात्री ती खुर्चीत बसून डुलक्या घेत होती. डोकं पुढे कलायचं आणि झटक्यात वर यायचं. मी समोर बसून एकेक झटका मोजत होते.

डोकं पुढेच का कलतं? डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, आणि त्याचा गुरुत्वमध्य ज्या सांध्यावर ते टेकलंय त्याच्या थोडा पुढे. म्हणजे जागेपणी मानेच्या मागचे स्नायू सतत ओढून धरत असतात. डोळा लागला की ओढ सुटते. आपण म्हणतो की अमुक माणूस ताठ मानेने बसलाय, जणू ताठपणा हा मानेचा गुण आहे. तो गुण नव्हे, ते काम आहे. पाच किलोचं काम, दिवसाचे सोळा-सतरा तास.

हे काम किती मोठं आहे त्याचा एक आकडा मला फार आधीपासून माहीत होता, पण त्या रात्री तो निराळा भासला. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी सहकाऱ्यांसोबत १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मृतदेहांतल्या माना घेतल्या. हाडं, चकत्या, अस्थिबंध सगळं जागच्या जागी, फक्त स्नायू काढलेले. वरून हळूहळू भार द्यायचा आणि मान कधी वाकून ढासळते ते बघायचं. ढासळली ती सुमारे साडेदहा न्यूटनला, म्हणजे अंदाजे एक किलोला. डोक्याच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा.

सात मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, ते दोरखंडासारखे बंध, ज्यांना आपण मानेचा आधार समजतो ते सगळं मिळून स्वतःच्या डोक्याचं ओझंसुद्धा पेलू शकत नाही. मान खांब नाहीच. ती शिडाच्या डोलकाठीसारखी आहे, चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे उभी. आणि हे दोरही बांधून ठेवलेले नाहीत, क्षणाक्षणाला कुणीतरी ते सैल-घट्ट करत असतं.

पंजाबींनीच त्याआधी, १९९२ साली, कण्याच्या स्थैर्याची एक मांडणी केली होती. मी माझ्या कामात रोज तीच वापरते. तीन व्यवस्था: हाडं-बंधांची, स्नायूंची, आणि या दोघांवर नजर ठेवणाऱ्या चेतासंस्थेची. एक लंगडी पडली की उरलेल्या दोघी भार उचलतात, आपल्या कुवतीपर्यंत. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक सांध्यात मधोमध एक ढिली जागा असते, जिथे हालचालीला जवळजवळ विरोधच नसतो. तिला न्यूट्रल झोन म्हणतात. बंध टोकाला जाऊन आवळतात, मधल्या जागेत ते सैलच असतात. त्या मधल्या जागेचे राखणदार स्नायू. दुखापतीने, आजाराने ही जागा रुंदावते, आणि नेमके स्नायू कामाला लागले की ती पुन्हा अरुंद होते.

हे स्नायू कुठले? मानेला हात लावला की हाताला लागतात ते मोठे, वरवरचे, खांद्याकडे जाणारे. मान अवघडली, मानेत उसण भरली म्हणतो तेव्हा बहुधा तेच आखडलेले असतात. खरे राखणदार आतले. मणक्यांच्या पुढच्या अंगाला चिकटून, अन्ननलिकेच्या मागे, एक लांबट बारीक स्नायू आहे. बहुतेकांना तो आपल्या अंगात आहे याचा पत्ताही नसतो. मागे मणक्या-मणक्यांना शिवत गेलेले आखूड धागे. आणि कवटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना चार-चार चिमुकले स्नायू. ताकदीच्या हिशेबात हे चिमुकले कुठेच बसत नाहीत. पण ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक त्यांच्यात दाटीवाटीने भरलेले असतात, हातापायांच्या मोठ्या स्नायूंपेक्षा ग्रॅममागे कितीतरी जास्त. डोकं अंगाच्या तुलनेत नेमकं कुठे आहे ही खबर मेंदूला ते देतात.

खात्री करून घ्यायची असेल तर आत्ता करता येईल. दोन्ही हातांची बोटं कवटीच्या खालच्या कडेखाली, मानेच्या मध्यापासून जरा बाजूला, हलकी रुतवून ठेवा. डोळे मिटा. डोकं अजिबात न हलवता मिटल्या डोळ्यांआड नजर डावीकडे न्या, मग उजवीकडे. बोटांखाली बारीक फुरफुर जाणवेल. डोकं हललं नाही, तरी मानेने तयारी केली. नजर जिकडे जाणार तिकडे डोकं जाणार, हे ती धरून चालते.

आईला ऑपरेशनपर्यंत कडक कॉलर दिली. तिला ती हवीच होती. पण मला रोज भेटतात ते कॉलर मागणारे लोक निराळे. मान मोडून काम केलेलं असतं, एक्स-रेत पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गॅप कमी झालेली, कडेला हाड वाढलेलं, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, "मणके घासलेत, मान सांभाळा." की झालं. माणूस मान वळवायचीच थांबवतो. पुढे-मागे वाकण्याची हालचाल पाचव्या-सहाव्याच्या जोडीत खूप होते, त्यामुळे झीजही तिथे लवकर दिसते. कधीच मान न दुखलेल्या माणसांच्या फोटोतही ती दिसते. कामाच्या जागी पडलेले ते वळ आहेत. अशा मानेला महिनाभर कॉलर घातली तर राखणदारांना महिनाभर रजा दिल्यासारखं होतं, आणि परत आल्यावर त्यांना काम आठवत नाही. खरी अस्थिर मान आणि नुसती दुखरी मान या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच भीतीने बघितल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

खालच्या मानेची रचना वरच्या दोघांहून पुष्कळ सावध आहे. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत मागचे सांधे कौलांसारखे एकावर एक, साधारण पंचेचाळीस अंशांत कललेले. त्या उतारामुळे इथे कुठलीच हालचाल एकटी होत नाही. मान उजवीकडे झुकवली की मणके थोडे उजवीकडे वळतातही. पुढच्या बाजूला मणक्याच्या वरच्या कडा दोन्हीकडून ओठासारख्या उचललेल्या, वरच्या मणक्याला बाजूला घसरू न देणाऱ्या. हुबर्ट फॉन लुश्का यांनी १८५८ साली तिथल्या सांध्यांचं वर्णन केलं, आणि अजून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. तान्ह्या बाळात हे ओठ नसतात. पोर मोठं होता होता ते वर येतात.

वरच्या कड्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. उथळ पाण्यात सूर मारला, डोकं तळावर आपटलं, तर सगळा भार या कड्यावर येतो. त्याच्या दोन्ही बाजू पाचरीसारख्या असल्यामुळे ते बाहेरच्या बाजूला फुटतं. जेफरसन यांनी १९२० साली हे मोडणं नीट मांडलं. फुटलेलं कडं बाहेर पसरतं, आतली जागा वाढते, आणि मज्जारज्जू पुष्कळदा सहीसलामत राहतो. मग डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की आडवा बंध शाबूत आहे का. तो असेल तर हाड जुळून येतं. मोडलेल्या हाडापेक्षा तुटलेल्या बंधाची भीती जास्त.

आईचा तो बंध जुळून येणारा नव्हता. पहिला आणि दुसरा मणका कायमचे एकत्र जोडायचे ठरले. पूर्वी मागून तारेने बांधून मधे हाडाचा तुकडा बसवत. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ साली दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत थेट स्क्रू घालून पट्टीने जोडण्याची रीत प्रसिद्ध केली, २००१ मध्ये हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी सळ्या वापरून ती मांडली. आईला चार स्क्रू आणि दोन सळ्या बसल्या. ऑपरेशनआधी सर्जननी तिला नीट सांगितलं, "वीज जाणं थांबेल. पण मान निम्मीच वळेल." तिने विचारलं, "कुठली निम्मी?"

मी तिला प्लास्टिकचे मणके आणून दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या वाकड्या बोटांत कडं नीट धरता येईना. मी रबर बसवलं, ते फिरवून दाखवलं, मग दोन्ही मणके मुठीत घट्ट आवळले आणि म्हटलं, "ही निम्मी." तिने माझी मूठ बघितली आणि मान डोलावली. होकाराचा सांधा तिचा तिलाच राहणार होता.

आता दीड वर्ष झालं. मुंग्या गेल्या. कुणी बाजूने हाक मारली की ती कमरेपासून वळते, खांद्यासकट, एखादं दार उघडावं तशी. नकार द्यायचा तर थोडी मान आणि बराचसा हात.

मधल्या काळात माझ्या मुलीला मुलगी झाली. मराठीत बाळाच्या वाढीतल्या पहिल्या पायरीला आपण 'मान धरणे' म्हणतो. बाळाची मान बळकट झाली असं म्हणत नाही, बाळाने मान धरली म्हणतो. धरण्याची क्रिया, आणि करणारं बाळ. दुसऱ्या टोकाला 'मान टाकणे' आहे. त्या दोहोंच्या मधे आयुष्यभर धरणं चालू असतं. मी पंजाबींची मांडणी शिकले त्याच्या कितीतरी आधी हे शब्द माझ्या कानांवर होते, आणि मी कधी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

तीन महिन्यांची होत आली तेव्हा तिला पालथं घातलं. डोकं वर आलं, थरथरलं, डावीकडे झुकलं, नाक गादीत रुतलं. पुन्हा वर. लुश्काचे ते ओठ अजून उगवलेले नाहीत, खुंटीचं हाड अजून एकसंध झालेलं नाही, मानेचा पुढचा बाक या उचलण्यातूनच आता ठळक होऊ लागलेला. डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं. आणि पुढे तो आतला बारीक स्नायू, मागे ते चिमुकले, एकमेकांशी पहिल्यांदाच ताळमेळ जमवत होते. एकाने ओढलं की दुसरा उशिरा जागा व्हायचा, मग जरा जास्तच ओढायचा. ती थरथर म्हणजे तेच.

आईने तिला मांडीवर मागितली. पाठ स्वतःच्या छातीला टेकवून बसवली, तळहात तिच्या डोक्यामागे धरला. बाळ खिडकीकडे बघत होतं. डोकं हललं, सावरलं, थांबलं.

"धरली बघ," आई म्हणाली, आणि मला ते सांगायला अख्खी माझ्याकडे वळली, मांडीवरच्या बाळासकट. हात तिने काढला नव्हता. वाकड्या बोटांचा तो तळहात बाळाच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर होता, कुठेही न टेकता.